पावसात उगवलेली कोवळी भाजी, गोखरूचं रोप आणि पेशीतलं अडकलेलं दार

कान्हकाठ (इंदूर), ९ जुलै, रात्री ९:४०

काल दुपारी घरी जे घडलं ते सांगते. वाचून झालं की घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

राजेंद्र नगरला आमच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. गेल्या आठवड्यात दोन मोठे पाऊस झाले आणि चार दिवसांत तो हिरवागार झाला. सासूबाईंचं माहेर देवासकडच्या खेड्यातलं. पहिल्या पावसानंतर टाकळ्याची कोवळी भाजी खाल्ल्याशिवाय त्यांना पावसाळा सुरू झाल्यासारखा वाटत नाही. इकडे तिला पुवाडिया म्हणतात. तर आई मागे जाऊन ओचाभर भाजी खुडून आल्या आणि वर्तमानपत्र पसरून निवडायला बसल्या.

मी चहा ठेवायला निघाले होते, जाता जाता कागदाकडे लक्ष गेलं. टाकळ्यात काही वेगळी रोपं होती. दोनच पानं, पण लांबट, जाड, तेलाचं बोट फिरवल्यासारखी चकचकीत. देठ बुडाशी जांभळट. एक उचललं तर मुळाशी मातीचा गोळा लोंबत होता. चिमटीत दाबला तर बोटाला टोचलं. नळाखाली धरल्यावर माती गेली आणि आत बोंड दिसलं, बोराच्या आठळीएवढं, अंगभर आकड्यासारखे काटे आणि टोकाला दोन चोची.

हे गोखरू. झान्थियम स्ट्रुमॅरियम. मराठी पुस्तकांत शंकेश्वर म्हणून सापडेल. नदीकाठी, उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला सगळीकडे वाढतं आणि त्याची बोंडं धोतराला, साडीला, गाईच्या शेपटीला चिकटतात. मी आईंच्या हातातली भाजी अक्षरशः हिसकावून घेतली. त्या दुखावल्या. "कोवळं आहे गं, कडू असलं तर उकळून पाणी टाकून देऊ," म्हणाल्या. त्यांना शांतपणे समजावायला मला तासभर लागला. तेच इथे लिहितेय, कारण हे विष शरीरात काय करतं ते एकदा समजलं की माणूस विसरत नाही.

त्या दोन चकचकीत पानांत आणि बोंडातल्या बियांत कार्बॉक्सिअ‍ॅट्रॅक्टिलोसाइड नावाचा पदार्थ असतो. त्याचा सख्खा भाऊ अ‍ॅट्रॅक्टिलोसाइड. तो १८६८ साली लफ्रांक यांनी भूमध्य समुद्राकाठच्या एका काटेरी झुडपाच्या मुळांतून वेगळा काढला. दोन्ही पदार्थांचं लक्ष्य एकच, आपल्या पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया.

शाळेत आपण शिकलो की तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाघर. तिथे एटीपी, म्हणजे पेशी खर्चते ते ऊर्जेचं चलन, तयार होतं. माणूस दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि खर्च करतो, पण एका वेळी अंगात असतं ते मूठभरच. तेच तेच एटीपी मोडतं, त्याचं एडीपी होतं, ते तंतुकणिकेत परत जातं, पुन्हा एटीपी होऊन बाहेर येतं. ही ये-जा क्षणभरही थांबून चालत नाही. आता अडचण अशी की तंतुकणिकेला दोन पटलं असतात आणि आतलं पटल फार कडक आहे. एडीपी-एटीपीसारखे विद्युतभारित रेणू त्यातून आपले आपण जाऊच शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात एक खास प्रथिन बसवलेलं आहे, एडीपी-एटीपी वाहक. एक एडीपी आत, एक एटीपी बाहेर. हे प्रथिन एकदा बाहेरच्या बाजूला उघडतं, मग आतल्या बाजूला. दोन्हीकडे एकदम कधीच नाही.

कार्बॉक्सिअ‍ॅट्रॅक्टिलोसाइड बाहेरून येतं, नेमकं बाहेरच्या बाजूला उघडलेल्या वाहकाच्या पोकळीत जाऊन बसतं आणि निघत नाही. वाहक तिथेच अडकतो. एडीपी आत जात नाही, एटीपी बाहेर येत नाही. ऊर्जाघर शाबूत, कोळसा भरपूर, पण माल बाहेर नेणारं दार जाम.

मग पेशी तंतुकणिकेशिवाय काम चालवायला बघते, म्हणजे नुसती साखर फोडून. त्यातून एटीपी अगदी थोडं मिळतं, म्हणून साखर भराभर संपते. यकृत एरवी नवी साखर तयार करून रक्तात सोडतं, पण त्या कामालाही एटीपी लागतं आणि तेच अडलेलं. रक्तातली साखर कोसळते, मेंदू उपाशी राहतो, यकृताच्या पेशी मरू लागतात. उलट्या, ग्लानी, बेशुद्धी.

हे पुस्तकी नाही. २००७ च्या नोव्हेंबरात बांगलादेशात सिल्हेट जिल्ह्यात पूर आणि महागाईच्या दिवसांत लोकांनी घागरा शाक म्हणून हीच कोवळी रोपं खाल्ली. ७६ जण आजारी पडले, त्यातले १९ दगावले. तिकडेही भाजी शिजवूनच खातात. म्हणून "उकळून पाणी टाकून देऊ" या भरवशावर राहू नका.

फोटो उद्या उजेडात काढून टाकते.

---

जुनी_इंदूरवाली, ९ जुलै, रात्री १०:१५

वाचून हातपाय गार पडले ताई. पण आमच्याकडे बाबा मुतखड्यासाठी गोखरूचा काढा घेतात! गेली दोन वर्षं. वैद्यांनीच दिलाय. बंद करायचा का?

---

कान्हकाठ, ९ जुलै, रात्री १०:३२

आधी घाबरू नका. हा नावाचा घोळ आहे, आणि तो मी पहिल्याच लेखात सोडवायला हवा होता.

काढ्यातला गोखरू म्हणजे गोक्षुर, मराठीत सराटा. ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. तो जमिनीसरपट पसरतो, पानं चिंचेसारखी बारीक, फूल पिवळं, आणि फळाचे काटे असे टणक की सायकलच्या टायरमध्ये घुसतात. त्याचा या विषाशी संबंध नाही. मी सांगतेय ते कमरेएवढं उभं वाढणारं झाड आहे. पानं मोठी, खरखरीत, बोंड लांबट आणि आकड्यांचं. सराटा पायात रुततो, हे कपड्याला चिकटतं. गावोगावी दोघांनाही गोखरू म्हणतात, म्हणून बाजारातून सुटं गोखरू आणत असाल तर ते एकदा वैद्यांना दाखवून घ्या. बाबांचं औषध माझ्या सांगण्यावरून बंद करू नका.

---

पशुवैद्य_महू, १० जुलै, सकाळी ७:०५

ताईंनी फार मोलाचं लिहिलं. माणसांत क्वचित दिसतं, पण जनावरांत आम्हाला हे अनोळखी नाही.

पूर ओसरला की नदीकाठच्या गाळात एकाच वेळी हजारो बोंडं उगवतात. इतर गवत अजून वर आलेलं नसतं. वासरं, डुकरं, कधी शेळ्याही त्या हिरव्यागार दोन पानांवर तुटून पडतात. डुकरांवरच्या प्रयोगांत वजनाच्या पाऊण ते तीन टक्के एवढी कोवळी रोपं खाऊन विषबाधा झालेली नोंदली आहे. वीस किलोच्या पिल्लाला पाऊण टक्का म्हणजे दीडशे ग्रॅम. एक जुडी भाजी!

मी एकदा चोरलजवळच्या एका वाडीवर गेलो होतो. संध्याकाळपर्यंत हुंदडणारं वासरू सकाळी आडवं होतं, पाय झाडत होतं, मान मागे ओढलेली. शिरेतून ग्लुकोज लावलं तेव्हा थोडं डोकं उचललं, दुपारी गेलं. पोट उघडलं तर आत पिवळसर पाणी, पित्ताशयाची भिंत सुजून जाड झालेली, आणि यकृत कापल्यावर जायफळ चिरल्यासारखं नक्षीदार. जठरात त्या लांबट पानांचे तुकडे जसेच्या तसे. मालक म्हणत होता साप चावला.

आणखी एक. बोंडं धान्याबरोबर कापली जाऊन भरड्यात येतात. भरडा घेताना मुठीत घेऊन बघत जा.

---

बडोदेकर, १० जुलै, सकाळी ९:२०

गुजरातीत याला गाडरियुं म्हणतात, गाडर म्हणजे मेंढी, तिच्या लोकरीला चिकटतं म्हणून. आम्ही लहानपणी कमाटी बागेमागे विश्वामित्रीच्या काठी ही बोंडं गोळा करून एकमेकांच्या पाठीवर फेकायचो. बहिणीच्या वेणीत एकदा इतकी अडकली की आईला कात्री लावावी लागली. हाताळल्याने काही होतं का? आणि मोठ्या झाडाची पानं?

---

कान्हकाठ, १० जुलै, सकाळी ९:४८

दादा, हाताळण्याने हे विष अंगात जात नाही. पोटात गेलं तरच.

विष मुख्यतः बियांत आणि उगवल्यावरच्या पहिल्या दोन पानांत असतं. ती दोन पानं म्हणजे बीचेच दोन भाग, बीजपत्रं. त्यानंतर खरी, दातेरी, खरखरीत पानं फुटली की त्याचं प्रमाण झपाट्याने उतरतं. झाड जसं राकट दिसू लागतं तसं त्यातलं हे विष कमी होतं, आणि जेव्हा ते सर्वांत कोवळं, खुडावंसं वाटणारं असतं तेव्हाच सर्वांत घातक असतं. आईंना नेमकं हेच पटत नव्हतं. त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवात कोवळं म्हणजे निर्धोक, जून म्हणजे कडू आणि बाधणारं. बहुतेक रानभाज्यांना ते लागूही पडतं.

तरीही मोठ्या झाडाची पानं खाऊ नका. त्यात खाण्याजोगं काही नाही.

---

फार्मसी_तिसरं_वर्ष (इंदूर), १० जुलै, दुपारी १:३०

मॅडम, शंका आहे. आम्हाला शिकवताना वाहक आणि चॅनेल वेगळे सांगितलेत. वाहक एकेक रेणू उचलून पलीकडे ठेवतो, चॅनेल म्हणजे उघडं भोक. मग काही ठिकाणी "अ‍ॅट्रॅक्टिलोसाइड मायटोकॉन्ड्रियाचं छिद्र उघडतं" असं का लिहितात? ते दार बंद करतं की उघडतं?

---

कान्हकाठ, १० जुलै, रात्री ८:५५

फार चांगला प्रश्न. सावकाश उत्तर देते, कारण माझ्या संशोधनाची चार वर्षं याच पदार्थाच्या शेजारी गेली.

आधी वाहकाबद्दल. आम्ही उंदराच्या यकृतातून तंतुकणिका वेगळ्या काढायचो. सगळं बर्फात, पहाटेपासून. मग एका काचेच्या छोट्या कुपीत त्या सोडायच्या, वर प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड, आणि शेजारी कागदावर पेन रेघ ओढत असायचं. तंतुकणिका प्राणवायू वापरू लागल्या की रेघ हळूहळू उतरते. एडीपीचा थेंब टाकला की एकदम तीव्र उतार. काम मिळालं, त्या जोरात श्वास घेऊ लागल्या. त्या उतारावर अ‍ॅट्रॅक्टिलोसाइडचा एक थेंब टाकायचा. रेघ जवळजवळ आडवी होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं तंतुकणिका मेल्या.

माझ्या गाइडनी काही न बोलता त्यात डायनायट्रोफेनॉल टाकलं. हे रसायन आतल्या पटलाचा विद्युतदाब मोडून टाकतं, म्हणजे एटीपी बनो न बनो, इंजिन मोकाट पळतं. रेघ पुन्हा धाडकन उतरली! म्हणजे श्वसनाची साखळी धडधाकट होती. फक्त एडीपी आत येत नव्हतं, म्हणून दाब तुंबला होता आणि तुंबलेल्या दाबाने इंजिन थांबवलं होतं. दोन थेंबांत विषाचा पत्ता सापडतो. तो कागदाचा तुकडा माझ्याकडे आजही आहे.

२००३ साली या वाहकाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. बैलाच्या हृदयातलं प्रथिन आणि त्यात अडकून बसलेलं कार्बॉक्सिअ‍ॅट्रॅक्टिलोसाइड. वाहक एरवी सतत हलत असतो, त्याचं स्फटिक धरणं कठीण. विषाने त्याला एका जागी गोठवलं म्हणून चित्र मिळालं. सहा सर्पिलांची टोपली, वरून उघडी, तळाशी मिटलेली. पोकळीच्या भिंतीवर धन भार आहेत, एडीपीच्या ऋण भारांना ओढण्यासाठी. विषाच्या रेणूवर दोन सल्फेट आणि दोन कार्बॉक्सिल गट आहेत, म्हणजे तोही ऋणभारित. एडीपीसाठी ठेवलेल्या जागेत तो एडीपीपेक्षा घट्ट बसतो. साध्या अ‍ॅट्रॅक्टिलोसाइडला एक कार्बॉक्सिल कमी. ते थोडं सैल बसतं, भरपूर एडीपी दिलं तर हटतं. कार्बॉक्सिवालं सहसा हटत नाही.

आता तुझं छिद्र. तंतुकणिकेत कॅल्शियम प्रमाणाबाहेर साठलं की आतल्या पटलात एक मोठं भोक पडतं, १५०० डाल्टन वजनापर्यंतचे रेणू त्यातून आरपार जातात. १९७९ मध्ये हंटर आणि हॉवर्थ यांनी याचा सविस्तर अभ्यास मांडला. भोक उघडलं की पाणी आत घुसतं, आतलं पटल घड्या उलगडून फुगतं, बाहेरचं फाटतं, सायटोक्रोम सी हे आतलं प्रथिन बाहेर सांडतं आणि पेशीच्या मृत्यूची साखळी सुरू होते. हे डोळ्यांनी दिसतं. तंतुकणिकांचं द्रावण ताकाच्या निवळीसारखं दुधाळ असतं. कॅल्शियम टाकून ठेवलं की काही मिनिटांत ते निवळत जातं, मागे धरलेला कागद दिसू लागतो. फुगलेल्या तंतुकणिका प्रकाश कमी विखुरतात म्हणून.

अ‍ॅट्रॅक्टिलोसाइड टाकलं तर हेच भोक कमी कॅल्शियमला उघडतं. वाहक बाहेरच्या बाजूला उघडा राहून गोठला की भोक पडायला अनुकूल होतं. याउलट बाँगक्रेकिक आम्ल हा जिवाणूंपासून मिळणारा पदार्थ त्याच वाहकाला आतल्या बाजूला उघडा असताना गोठवतो, आणि मग भोक पडणं अवघड जातं. वाहतूक मात्र दोन्ही थांबवतात, म्हणून दोन्ही मारक. एकाच प्रथिनाला दोन अवस्थांत पकडणारी दोन विषं निसर्गात आहेत, हे कळलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती.

म्हणून तुझं उत्तर: एडीपी-एटीपीचं दार बंद होतं आणि त्याच वेळी भलतंच भोक उघडायला मदत होते. मग ते भोक म्हणजे हाच वाहक का? बरीच वर्षं तसं मानत. २००४ मध्ये उंदरांच्या यकृतातून वाहकाची जनुकं काढून पाहिली. भोक तरीही पडलं, फक्त कॅल्शियम जास्त लागलं. २०१३ मध्ये एटीपी सिंथेसचं, म्हणजे एटीपी बनवणाऱ्या प्रथिनाचं, नाव पुढे आलं. आज अनेकांचा कल असा आहे की एकापेक्षा जास्त प्रथिनं हे काम करू शकतात आणि वाहक त्यांतला एक असावा. परीक्षेत मात्र तुझ्या पुस्तकात आहे तेच लिही.

---

फार्मसी_तिसरं_वर्ष, १० जुलै, रात्री ९:३०

मॅडम, डायनायट्रोफेनॉलचा भाग वाचून पहिल्यांदा कळलं की "अनकपलर", म्हणजे असं इंजिन मोकाट सोडणारी रसायनं, का शिकवतात. आम्ही नुसती व्याख्या पाठ केली होती. धन्यवाद.

---

लष्करवाली (ग्वाल्हेर), ११ जुलै, सकाळी ८:१०

आमच्या भागात सरसोंच्या तेलाची भीती असते. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली होती, साठहून जास्त माणसं गेली. तेव्हा आमच्याकडेही आठ दिवस सगळ्यांनी शेंगदाण्याच्या तेलावर काढले. पाय सुजायचे म्हणतात. तेही याच दारावर काम करतं का?

---

कान्हकाठ, ११ जुलै, सकाळी ८:४०

नाही वहिनी, त्याचं दार वेगळं. पिवळ्या धोत्र्यात सँग्विनरिन असतं. ते पेशीच्या बाहेरच्या पटलावरच्या सोडियम-पोटॅशियम पंपाला बाधतं आणि बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, म्हणून सूज. पण तुम्ही आठवण काढलीत ते बरं केलंत. तीही काटेरी आणि पडीक जमिनीवरचीच वनस्पती.

---

घोटेवाला (उज्जैन), ११ जुलै, दुपारी ४:००

महाकालच्या गावचा आहे म्हणून विचारतो. भांगेतल्या कॅनाबिडिओलबद्दल वाचलं होतं की तेही मायटोकॉन्ड्रियाच्या चॅनेलवर बसतं. ते या गोखरूसारखंच समजायचं का?

---

कान्हकाठ, ११ जुलै, सायंकाळी ६:२५

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण ते बाहेरच्या पटलाबद्दल आहे.

वाडा डोळ्यासमोर आणा. बाहेर दिंडी दरवाजा, आत तिजोरीची खोली. तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलात व्हीडॅक नावाचं चॅनेल असतं, तो दिंडी दरवाजा. हे खरंखुरं भोक आहे, १९ पट्ट्यांच्या नळीसारखं. १९७६ मध्ये पॅरामिशियम या एकपेशीय जिवाच्या तंतुकणिकांतून ते पहिल्यांदा हाती लागलं, रचना २००८ मध्ये कळली. एडीपी, एटीपी, फॉस्फेट, बरंच काही त्यातून ये-जा करतं. विद्युतदाब वाढला की ते अर्धवट मिटतं. गोखरूचं विष जिथे बसतं ती तिजोरीची खोली, आतल्या पटलावर.

२०१३ च्या एका अभ्यासात उंदराच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींवर कॅनाबिडिओल वापरलं. त्याने व्हीडॅक-१ मधून जाणारा विद्युतप्रवाह कमी झाला आणि पेशी मेल्या. पेशी मारण्याचा हा एक मार्ग असावा, असं त्यांनी मांडलं. पण ते काचेच्या बशीतल्या पेशींवर, तिथल्या मात्रेत. त्यावरून भांगेच्या पेल्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. गोखरूचं तसं नाही. तिथे बशीतला प्रयोग, जनावरांचे मृत्यू आणि माणसांचे मृत्यू एकाच रेणूकडे बोट दाखवतात.

---

मल्हारगंजचे_आप्पा, ११ जुलै, रात्री ८:०५

मुली, शास्त्र तू सांगतेस ते मान्य. पण मला एक खटकलं. आमच्या आज्या-पणज्या रानातून पंचवीस भाज्या आणत. कोणी दगावलं नाही. आता तुम्ही लोक घाबरवलंत तर पुढची पिढी टाकळा, कुर्डू, घोळ काहीच खाणार नाही. नुसती पॅकेटं खातील. हे नुकसान मोठं नाही का?

---

कान्हकाठ, ११ जुलै, रात्री ९:१५

आप्पा, तुमचं म्हणणं माझ्या मनातलं आहे, आणि ते मी आज आईंसमोर वाचलं. त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत देते.

"आमच्या गावात गोखरू नदीच्या पात्रात असायचं, पुवाडिया बांधावर. दोघांची गाठच पडायची नाही. आम्ही बांधावरचंच खुडायचो, नदीतलं कोणी हात लावायचं नाही. इथे प्लॉटवर कोणी कुठली माती आणून टाकली, सगळं एका जागी उगवलं."

मला हे सुचलंच नव्हतं. मागच्या वर्षी शेजारच्या बांधकामाचा भराव त्याच प्लॉटवर पडला होता, डंपर भरभरून. बोंडं त्यातून आली असणार. आईंची पारख चुकलेली नाही, त्यांच्या पायाखालची जमीन बदलली. माझ्याकडून त्यांना जे लागलं त्याबद्दल मी आज त्यांची माफी मागितली.

टाकळा सोडायचं काहीच कारण नाही. ओळख सांगते. टाकळ्याची पहिली दोन बीजपत्रं गोलसर, आणि पुढे येणाऱ्या पानाला समोरासमोर पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या. संध्याकाळी त्या मिटतात. गोखरूची बीजपत्रं लांबट भाल्यासारखी, मग दातेरी पानं. शंका आली तर खुडू नका, मुळासकट उपटा. मुळाशी बोंड दिसलं की सगळी ओंजळ टाकून द्या, निवडत बसू नका. कोणी खाल्लंच असेल तर उलटी व्हायची वाट न बघता दवाखान्यात न्या आणि रोप किंवा उरलेली भाजी बरोबर घ्या. याला नेमका उतारा नाही. रक्तातली साखर पुन्हा पुन्हा तपासणं, ग्लुकोज देत राहणं आणि यकृत-मूत्रपिंड सांभाळणं हाच उपचार, आणि तो जितका लवकर तितका बरा.

---

मल्हारगंजचे_आप्पा, ११ जुलै, रात्री ९:४०

वहिनींना माझा नमस्कार सांग. बांधावरचं आणि पात्रातलं, हे अगदी खरं बोलल्या.

---

माती_आणि_मी (इंदूर), १२ जुलै, सकाळी ७:३०

उपटलेली रोपं कुठे टाकायची? मी घरी कंपोस्ट करते. आपल्याच कृषी महाविद्यालयाच्या आवारात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती इंदूर पद्धत बसवली, म्हणून अभिमानाने करते. पण यात गोखरू टाकायला भीती वाटते.

---

पशुवैद्य_महू, १२ जुलै, सकाळी ८:००

बोंड असलेलं काहीही घरच्या ढिगात नको. घरगुती ढीग एवढा तापत नाही, बी तगून राहतं. आणि ढिगावर गाय तोंड घालते हे विसरू नका. बोंडं वेगळी काढून जाळा, उरलेलं खड्ड्यात पुरा. झाड मोठं झालं असेल तर फुलोरा यायच्या आत उपटा.

---

कान्हकाठ, १४ जुलै, सायंकाळी ७:१०

फोटो टाकलेत, तीन आहेत. पहिल्यात दोन्ही रोपं शेजारी शेजारी, दुसऱ्यात मुळाशी बोंड, तिसऱ्यात मोठं झाड.

काल रविवारी गल्लीतले सात जण मिळून प्लॉट साफ केला. हातमोजे घालून, मुळासकट. आई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि आमच्या दोन्ही कामवाल्या बायकांना, शेजारच्या मुलांना रोप हातात धरून दाखवत होत्या. ती मुलं आता माझ्यापेक्षा लवकर ओळखतात. दोन बादल्या भरल्या.

रात्री मी एक बोंड पक्कडीने उभं फोडलं. आत दोन कप्पे असतात, प्रत्येकात एक बी. मोठं बी पहिल्या पावसात उगवतं, दुसरं बहुतेक वेळा पुढच्या वर्षासाठी थांबून राहतं. या बोंडातलं पहिलं फुटून गेलेलं होतं, नुसती रिकामी साल. दुसरं काळसर, टणक, अगदी धडधाकट. भरावाच्या मातीत अशी अजून किती असतील, म्हणून पुढच्या वर्षी मृग लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सगळ्यांनी जमायचं ठरलंय. आईंनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.